आगाखान पॅलेस : राजवाडा की स्थानबद्धता छावणी?
एका वास्तूचे युद्धकालीन वाचन

प्रस्तावना

आधुनिक भारताचा इतिहास पदवी वर्गांना शिकविताना १९४२ च्या प्रकरणापाशी एक शेरा हमखास ऐकू येतो. 'भगतसिंगांना फाशी, सावरकरांना काळे पाणी आणि गांधींना मात्र राजवाडा!' हा शेरा कधी प्रश्न म्हणून येतो, कधी उपरोध म्हणून. पण येतो, आणि तो केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. सुशिक्षितांच्या बैठकीतही तो ऐकावयास मिळतो. अशा शेऱ्याला भावनेने उत्तर देणे सोपे असते, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो मार्ग घेऊ नये. ज्या वास्तूविषयी हा शेरा केला जातो ती पुण्यात नगर रस्त्यावर उभी आहे. तेथील एकवीस महिन्यांच्या वास्तव्याचा पत्रव्यवहार प्रकाशित आहे, सहबंदिवानांच्या आठवणी उपलब्ध आहेत, आणि वास्तू स्वतःही बरेच काही सांगते. प्रस्तुत लेखात या वास्तूकडे स्मारक म्हणून न पाहता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक कारागृह म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच मान्य केली पाहिजे. सोयींच्या दृष्टीने आगाखान पॅलेसची तुलना येरवड्याच्या बराकींशी होऊ शकत नाही. ऑगस्ट १९४२ नंतर पकडल्या गेलेल्या हजारो अनाम सत्याग्रहींच्या वाट्याला जे आले, ते या भव्य कमानींखाली कोणाच्याही वाट्याला आले नाही. हे नाकारून गांधीजींची बाजू मांडण्याची गरज नाही. खुद्द गांधीजींनीच ते नाकारलेले नाही, हे पुढे दिसून येईल. खरा प्रश्न निराळा आहे. सरकारने राजवाडा का निवडला, आणि त्या राजवाड्यात प्रत्यक्षात काय घडले?

वास्तू आणि तिचा परिसर

आगाखान पॅलेस १८९२ मध्ये तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी बांधला. १८७७ मध्ये जन्मलेले आगाखान त्या वेळी अवघे पंधरा वर्षांचे होते. इमामपदाची सूत्रे त्यांच्याकडे १८८५ मध्येच आली होती. आसपासच्या दुष्काळग्रस्त लोकांना मजुरी मिळावी या हेतूने हे काम काढण्यात आले, असे परंपरेने सांगितले जाते. सुमारे एकोणीस एकरांचे आवार, इटालियन धर्तीच्या कमानी, इमारतीभोवती फिरणारे रुंद व्हरांडे, प्रशस्त हिरवळ. एका श्रीमंत घराण्याचे पुण्यातील निवासस्थान म्हणून जे असावयास हवे ते सर्व येथे आहे. पुणेकर या वास्तूला 'महाल' किंवा 'राजवाडा' असे क्वचितच म्हणतात. त्यांच्या तोंडी ती 'पॅलेस' आहे, आणि या एका शब्दाने तिच्याविषयीचे निम्मे गैरसमज निर्माण केले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

वास्तूचा परिसर मात्र वास्तूइतकाच बोलका आहे. येथून जवळच येरवडा कारागृह आहे. गांधीजी तेथे १९२२ ते १९२४ या काळात, पुन्हा १९३० मध्ये आणि १९३२-३३ मध्ये बंदिवान होते. येरवड्यातूनच त्यांना जानेवारी १९२४ मध्ये शस्त्रक्रियेसाठी ससून रुग्णालयात नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला तो त्याच कारागृहात. मे १९३३ मधील एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी प्रेमलीलाबाई ठाकरसी यांच्या 'पर्णकुटी' या बंगल्यात पार पाडला, आणि तोही याच परिसरात आहे. म्हणजे ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी एका अपरिचित ठिकाणी आले नव्हते. मुळा-मुठेच्या काठचा हा टापू त्यांना बंदिवान म्हणून चांगला परिचित होता. नवीन होते ते फक्त घर.

घराचे मालकही त्यांना अपरिचित नव्हते. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी आणि आगाखान हे दोघेही उपस्थित होते. महायुद्धाच्या काळात आगाखान स्वित्झर्लंडमध्ये राहत होते, आणि त्यांचे पुण्यातील घर सरकारच्या उपयोगी पडले.

राजवाडाच का?

१९४२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश साम्राज्य अतिशय अडचणीत होते. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, एप्रिलमध्ये क्रिप्स योजना फिसकटली. जपानी सैन्य भारताच्या पूर्व सीमेपर्यंत येऊन ठेपले होते. अशा वेळी काँग्रेसने सार्वत्रिक आंदोलन पुकारल्यास काय करावयाचे, याची खलबते लंडन आणि दिल्ली येथे आधीपासूनच चालू होती. गांधीजींना एडनला आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना आफ्रिकेतील न्यासालँडला हद्दपार करावे, असा विचार गंभीरपणे झाला होता. भारतात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटेल या भीतीने तो अखेर मागे पडला. दूरच्या हद्दपारीला पर्याय म्हणून जे ठरले ते म्हणजे गांधीजींना पुण्यात आणि कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवणे. आगाखान पॅलेसची निवड समजून घ्यावयाची तर ती या क्रमात पाहिली पाहिजे. एडनच्या जागी पुणे आले. येरवड्याच्या जागी राजवाडा आला, असे नव्हे.

दुसरे कारण उपवासाचे होते. गांधीजी कारागृहात उपवास करतील ही शक्यता सरकारने प्रथमपासूनच गृहीत धरली होती. हजारो राजबंद्यांनी भरलेल्या तुरुंगात त्यांनी उपवास करावा आणि त्याचे पडसाद प्रत्येक बराकीत उमटावेत, हे कोणत्याही कारागृह अधिकाऱ्याला परवडणारे नव्हते. उलट, शहरापासून दूर असलेल्या, आवाराची सीमा निश्चित असलेल्या, चहूबाजूंनी पहारा बसविता येईल अशा एकाकी बंगल्यात ते सर्व बंदिस्त ठेवता येत होते. मला असे वाटते की या निवडीत सन्मानाचा भाग अल्प होता, आणि विलगीकरणाचा भाग फार मोठा होता.

८ ऑगस्टच्या रात्री मुंबईच्या गोवालिया टँकवर 'छोडो भारत' ठराव संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे बिर्ला हाउसमधून गांधीजी, महादेवभाई देसाई आणि मीराबेन यांना अटक झाली. सरोजिनी नायडू त्यांच्याबरोबर होत्या. एकाच खास आगगाडीने या सर्व नेत्यांना मुंबईबाहेर काढण्यात आले. गांधीजींच्या गटाला चिंचवडला उतरवून मोटारीने पॅलेसवर नेण्यात आले, मुंबईच्या कार्यकर्त्यांना खडकीला उतरविण्यात आले आणि कार्यकारिणीचे सदस्य नगरकडे गेले. त्याच दिवशी सायंकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींच्या जागी भाषण करावयास निघालेल्या कस्तुरबांना डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह पकडण्यात आले. त्यांना आधी आर्थर रोड तुरुंगात ठेवून ११ ऑगस्टला पॅलेसवर आणण्यात आले. यांपैकी कोणावरही खटला चालला नाही. भारत संरक्षण नियमांखाली ही स्थानबद्धता होती. म्हणजे आरोपपत्र नाही, सुनावणी नाही आणि मुदतही नाही. १९४३ अखेरपर्यंत सरकारी आकडेवारीनुसार देशभरात ९१,००० हून अधिक लोकांना अटक झाली होती.

पॅलेसच्या आवाराला काटेरी तारांचे कुंपण होते आणि आत-बाहेर पहारे होते. प्रारंभी वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. पत्रे लिहावयाची ती फक्त नातलगांना आणि तीही केवळ घरगुती बाबींपुरती, अशी अट घालण्यात आली. ज्याने आश्रमालाच कुटुंब मानले त्याला ही अट मान्य होणे शक्य नव्हते. गांधीजींनी मग घरगुती पत्रे लिहिणेच सोडून दिले. सरकारशी त्यांनी जी पत्रे लिहिली त्यांपैकी बहुतेकांच्या माथ्यावर पत्ता आहे 'डिटेन्शन कॅम्प', म्हणजे स्थानबद्धता छावणी. 'पॅलेस' हा शब्द आपल्या जिभेवर रुळला आहे. त्या घरात कोंडलेल्या माणसाने आपला पत्ता तसा लिहिला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पहिले सहा दिवस

१५ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी महादेवभाई देसाई यांचे हृदयविकाराने निधन झाले. अटक होऊन त्या दिवशी सहा दिवस झाले होते. त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. पंचवीस वर्षे गांधीजींचे सचिव, अनुवादक, रोजनिशीकार आणि एका अर्थाने पुत्र असलेला हा माणूस गेला, तेव्हा गांधीजींनी त्यांच्या देहाला स्वतः स्नान घातले आणि पॅलेसच्या आवारातच अग्नी दिला. वडिलांनी मुलाचे करावे तसे ते घडले. महादेवभाईंच्या घरी कळविण्यासाठी गांधीजींनी लगेच तारेचा मजकूर अधिकाऱ्यांच्या हवाली केला. परंतु तो वेळेवर पोहोचला नाही, आणि त्याविषयी सप्टेंबरमध्ये गांधीजींना सरकारकडे लेखी तक्रार करावी लागली. पत्नीला पतीच्या मृत्यूचा निरोप वेळेवर देऊ न शकणारे हे घर होते. राजवाडा म्हणताना एवढे तरी आठवावे.

त्यानंतर रोज सकाळ-सायंकाळ त्या जागेवर जाऊन फुले वाहणे आणि प्रार्थना करणे हा तेथील बंदिवानांचा नित्यक्रम झाला. प्यारेलाल नंतर येथे आणले गेले. याच दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ मध्ये, गांधीजींनी 'आरोग्यनी चावी' हे आरोग्यविषयक लहानसे पुस्तक लिहिले. कस्तुरबांना ते गुजराती आणि भूगोल शिकवीत. कस्तुरबा कॅरम खेळत. सुशीला नय्यर यांच्या 'बापू की कारावास कहानी' या हिंदी ग्रंथात या दिनक्रमाचे तपशील विस्ताराने आले आहेत. मराठी वाचकाने हा ग्रंथ अवश्य पाहावा. त्यातील भाषा साधी आहे आणि लेखिका स्वतः वैद्यक जाणणारी असल्यामुळे तिचे निरीक्षण काटेकोर आहे.

पत्रांची लढाई

बाहेर देश पेटला होता. महादेवभाईंच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, विदर्भात चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. खुद्द पुण्यात २४ जानेवारी १९४३ रोजी कॅम्पमधील कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट होऊन ब्रिटिश सैनिक मारले गेले. पॅलेसपासून हे ठिकाण दोन-तीन कोसांच्या आत आहे. या सर्वांची जबाबदारी काँग्रेसवर, म्हणजे पर्यायाने गांधीजींवर आहे, हा व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा ठाम आरोप होता. आरोपीला उत्तर देण्यासाठी न्यायालय उपलब्ध नव्हते. म्हणून न्यायालयाचे काम पत्रव्यवहाराला करावे लागले.

१४ ऑगस्ट १९४२ चे पहिले पत्र, त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी लिहिलेले खासगी स्वरूपाचे पत्र आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी १९४३ मधील उत्तरे-प्रत्युत्तरे वाचताना ध्यानात येते की वादाचा मुद्दा एकच होता. गांधीजी म्हणत : पुरावा दाखवा, चूक पटली तर मी जाहीर निषेध करीन, किंवा मला कार्यकारिणीला भेटू द्या. व्हाइसरॉय म्हणत : आधी ठराव मागे घ्या, भविष्याची हमी द्या. दोघेही एकमेकांचे जुने परिचित. भाषा सभ्य, पण मागे हटावयास कोणी तयार नाही. अखेर ५ फेब्रुवारीच्या पत्रात लिनलिथगो यांनी नियोजित उपवासाची संभावना राजकीय दबावतंत्र अशी केली, आणि त्याला हिंसेचेच रूप ठरविले.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षे होते. उपवासाच्या काळापुरती सुटका करण्याची सरकारची तयारी त्यांनी नाकारली. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, सुशीला नय्यर आणि सरकारी डॉक्टर यांची देखरेख होती. उपवासाच्या मध्यावर प्रकृती इतकी ढासळली की पाणीही पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात मोसंबीचा थोडा रस घेण्यात आला. सरकारने त्यांच्या मृत्यूनंतरच्या बंदोबस्ताची तयारी करून ठेवली होती. लंडनमध्ये बसलेले पंतप्रधान चर्चिल मात्र, गांधींच्या पाण्यात ग्लुकोज मिसळले जाते की काय, याची चौकशी व्हाइसरॉयकडे करीत होते. पुरावा मिळाला नाही.

या उपवासाने दिल्लीत जे घडले त्याकडे महाराष्ट्रातील अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १७ फेब्रुवारीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सदस्यांनी राजीनामे दिले : होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. लोकनायक बापूजी अणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. १९३० च्या जंगल सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला होता, आणि पुढे सरकारच्या कार्यकारी मंडळात गेल्यामुळे अनेकांच्या टीकेचे धनीही झाले होते. टिळक परंपरेतला हा माणूस गांधीजींचा आंधळा अनुयायी कधीच नव्हता. म्हणूनच त्यांचा राजीनामा मला तिघांत अधिक अर्थपूर्ण वाटतो. दिल्लीत भरलेल्या नेत्यांच्या परिषदेत सप्रू आणि मुकुंदराव जयकर यांच्यासारख्या नेमस्तांनीही सुटकेची मागणी केली. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स यांना गांधीजींची भेट नाकारण्यात आली. ३ मार्चला उपवास संपला. सरकार झुकले नाही.

उपवास चालू असतानाच सरकारने १९४२-४३ च्या उद्रेकाबाबत काँग्रेसला जबाबदार धरणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. बंदिवानाला तिची प्रत मागून मिळाली. १५ जुलै १९४३ रोजी त्याने तिचे मुद्देसूद, दीर्घ उत्तर सरकारला पाठविले. एखाद्या वकिलाने अशिलासाठी मेहनत घ्यावी तशी मेहनत त्या उत्तरात दिसते. येथे अशील आणि वकील एकच होते आणि न्यायाधीशाची खुर्ची रिकामी होती.

पाचशे पन्नास रुपयांचा हिशेब

राजवाड्याच्या शेऱ्याला सर्वांत थेट उत्तर गांधीजींच्याच एका पत्रात आहे. गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दरमहा सुमारे ५५० रुपये खर्च होतो, अशी माहिती सरकारतर्फे मध्यवर्ती विधिमंडळात देण्यात आली होती. मार्च १९४४ मध्ये सरकारला लिहिताना गांधीजींनी हा हिशेब अपुरा असल्याचे दाखवून दिले. एवढ्या मोठ्या वास्तूचे भाडे, पहारेकऱ्यांची फौज, अधीक्षक आणि त्याचे कर्मचारी, कामाला आणि बागेला येरवड्याहून आणलेले कैदी, हे सर्व त्यात धरा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या दृष्टीने हा खर्च जवळजवळ सर्वस्वी अनावश्यक आहे. लोक उपासमारीने मरत असताना तो अपराधासारखा आहे. आपल्याला कोणत्याही साध्या तुरुंगात हलवावे, असे त्यांनी सुचविले. बंगालच्या १९४३ च्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी या पत्राला आहे.

दुष्काळात मजुरी पुरविण्यासाठी उभारल्याचे सांगितले जाणारे घर, आणि दुसऱ्या दुष्काळात त्याच घरावरील खर्चाविषयी अस्वस्थ झालेला त्यातला कैदी! राजवाडा बंदिवानाने मागून घेतला नव्हता. तो त्याच्यावर लादला होता, आणि त्याने तो परत करण्याचा लेखी प्रयत्न केला होता. पत्र उपलब्ध आहे. हे पत्र वर्गात वाचून दाखविल्यावर मला पुन्हा तो शेरा ऐकावा लागला नाही, असे नाही. पण त्यानंतरची चर्चा नेहमीच अधिक चांगली झाली.

कस्तुरबांचे शेवटचे महिने

डिसेंबर १९४३ पासून कस्तुरबांची प्रकृती हृदयविकाराने खालावत गेली. शुश्रूषेला मनू गांधी होत्या, त्यांना आधीच नागपूरच्या तुरुंगातून येथे हलविण्यात आले होते. जानेवारीत जयप्रकाशांच्या पत्नी प्रभावतीदेवी यांनाही भागलपूरच्या तुरुंगातून आणण्यात आले. म्हणजे रुग्ण कैदी, शुश्रूषा करणाऱ्या कैदी आणि डॉक्टरही कैदीच! बाहेरच्या वैद्यकीय मदतीसाठी मात्र प्रत्येक वेळी लेखी परवानगी लागे. कस्तुरबांना पुण्यातील निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता हवे होते. त्यांची परवानगी विलंबाने मिळाली. लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा आले, परंतु रात्री त्यांना आत राहण्यास मनाई होती. रात्री-अपरात्री रुग्णाला गरज लागली तर जवळ असावे म्हणून हे वैद्यराज फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत. अखेर गांधीजींनी याविषयी कडक पत्र लिहिले तेव्हा त्यांना आत राहू देण्यात आले.

'राजवाडा' आणि 'छावणी' या दोन शब्दांतील अंतर मोजावयाचे असेल तर फाटकाबाहेरच्या त्या मोटारीपाशी उभे राहावे. आत रिकाम्या दालनांची कमतरता नव्हती.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, कारण ती टाळून लिहिणे हे चरित्रकाराला शोभले तरी इतिहासकाराला शोभत नाही. शेवटच्या दिवसांत कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणण्यात आले होते. त्या काळी हे औषध अत्यंत दुर्मीळ होते. पुत्र देवदास यांचा ते द्यावे असा आग्रह होता. दर काही तासांनी सुया टोचून मरणासन्न पत्नीला यातना देणे गांधीजींना मान्य झाले नाही, आणि औषध दिले गेले नाही. कस्तुरबांच्या मृत्यूची सर्व जबाबदारी सरकारवर टाकता येत नाही, आणि या निर्णयावर मतभेद राहणारच. परंतु मदतीला वेळीच परवानगी न देण्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. कस्तुरबांना सर्व शक्य वैद्यकीय मदत मिळत होती, असे मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेत सांगण्यात आले. गांधीजींनी ४ मार्चच्या पत्रात त्या विधानाला लेखी हरकत घेतली आणि विलंबाचे तपशील दिले.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, सायंकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर देह ठेवला. बासष्ट वर्षांचे सहजीवन काटेरी कुंपणाच्या आत संपले. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या समाधीशेजारीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसविण्यात आली होती. चिता पूर्ण शांत होईपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत.

सुटका आणि एका वाटेची मागणी

एप्रिल १९४४ मध्ये गांधीजींना मलेरियाने गाठले. रक्तदाब आणि अशक्तपणा यांमुळे डॉक्टरांचे अहवाल चिंताजनक होते. तिसरा मृत्यू त्याच घरात घडणे सरकारला नको होते. ६ मे १९४४ रोजी सकाळी आठ वाजता सर्वांची सुटका झाली. ९ ऑगस्ट १९४२ पासून मोजल्यास हा ६३६ दिवसांचा कारावास होता, आणि गांधीजींच्या आयुष्यातील तो शेवटचा ठरला. पॅलेसमधून ते प्रथम पर्णकुटीत गेले आणि मग जुहूला. जुलैमध्ये चर्चिल यांनी, गांधी अजून मेले कसे नाहीत अशा आशयाची तार आपल्याला केल्याची नोंद वेव्हेल यांनी रोजनिशीत केली आहे.

सुटकेच्या दिवशीच गांधीजींनी सरकारला एक पत्र दिले. त्यात तक्रार नव्हती, मागणी होती. जेथे दोन चिता पेटल्या ती जागा सरकारने संपादित करावी आणि आगाखानांच्या आवारातून तेथपर्यंत जाण्याची वाट लोकांना मोकळी असावी. भूसंपादन कायद्याखाली असे संपादन करता येत नाही, हा प्रश्न आगाखानांशी खासगी बोलणी करून सोडवावा, अशा अर्थाचे उत्तर काही आठवड्यांनी आले. जे घर दोन वर्षे कैदखाना म्हणून वापरण्यात सरकारला कायद्याची अडचण आली नाही, त्याच्या कोपऱ्यातील दोन समाध्यांच्या जागेसाठी मात्र कायदा आडवा आला.

पुढे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान प्रिन्स करीम यांनी ही संपूर्ण वास्तू भारतीय जनतेला अर्पण केली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केले.

आजची वास्तू

अभ्यास सहलीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन या वास्तूत जाण्याचे प्रसंग प्रस्तुत लेखकाला आले आहेत. विद्यार्थी प्रथम कमानी पाहतात, हिरवळीवर छायाचित्रे काढतात, मग चित्रे आणि वस्तू ठेवलेल्या दालनांतून फिरतात. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातील काही प्रसंगांचे चित्रीकरण येथेच झाले असल्यामुळे अनेकांच्या मनात वास्तूची प्रतिमा आधीच तयार असते. समाध्या मागच्या बाजूला आहेत. त्यामुळे त्या सर्वांत शेवटी पाहिल्या जातात आणि घाई असल्यास राहूनही जातात. एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, "सर, इथं तुरुंग कुठं होता?" प्रश्न भोळा वाटतो, पण वास्तूच्या मांडणीवरील त्याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही.

काटेरी तारा गेल्या, पहारे गेले, अर्ज आणि परवानग्या कागदांत राहिल्या. उरली ती सुंदर इमारत, आणि सुंदर इमारत तुरुंगाची आठवण करून देत नाही. वास्तू जतन करताना भिंती आणि छत टिकविण्याचे काम पुरातत्त्व विभाग करू शकतो; बंदिवासाचा अनुभव टिकविण्यासाठी कागदपत्रे भिंतीवर आणावी लागतात, आणि तीही मराठीत. ५५० रुपयांचे पत्र, महादेवभाईंच्या घरच्या तारेविषयीची तक्रार, वैद्यराजांना रात्री राहू देण्याविषयीचा अर्ज आणि ६ मे चे पत्र, ही चार पत्रे जरी दालनांत ठळकपणे लावली तरी पुष्कळ साधेल. महाविद्यालयीन सहलींच्या मार्गदर्शकांनी तोपर्यंत क्रम उलटा करावा, असे सुचवावेसे वाटते. फाटकातून आल्यावर प्रथम सरळ मागे, समाध्यांपाशी जावे. तेथून वळून पाहिले की व्हरांडा आणि ही जागा यांमधले अंतर किती थोडे आहे ते कळते. याच वाटेने सकाळ-सायंकाळ ती मंडळी फुले घेऊन येत असत. व्हरांडा आणि दालने नंतर पाहावीत.